वकिलाचा आंगठा

ज्यास अक्षरओळख नाहीं तो कागदावर आंगठा उठवितो, आणि ज्यास ती आहे तो सही करतो. ह्या दोहोंतील भेद केवळ शाईचा आहे असें समजणें चूक होय. आंगठा उठविणारा जणुं असें म्हणत असतो कीं, 'ह्यांत काय लिहिलें आहे तें मला वाचतां येत नाहीं. ज्यानें वाचून दाखविलें त्याच्यावर माझा भरंवसा आहे.' सही करणारा म्हणतो, 'हें मीं वाचलें आहे आणि ह्याचा भार माझ्यावर आहे.' वकिलीचा सारा धंदा ह्या दोन वाक्यांमधील अंतरावर उभा आहे. पक्षकार जी फी देतो ती मुख्यतः वाचण्याची फी होय, बोलण्याची त्यानंतर. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मुंबईच्या मोठ्या वकिली पेढ्यांपासून तालुक्याच्या कोर्टासमोरील टंकलेखकाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोंचलीं आहेत. अशा वेळीं वकील स्वतःच न वाचलेल्या कागदावर सही करूं लागला, तर ती सही दिसण्यांत कितीही वळणदार असो, ती वस्तुतः आंगठाच होय, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. हे शब्द कठोर वाटतील. परंतु सौम्य शब्दांनीं भागावें अशी ही गोष्ट राहिलेली नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. यंत्राचा द्वेष करावा, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. टंकलेखनाचें यंत्र आलें म्हणून न्याय बुडाला नाहीं, आणि छायाप्रतीचें यंत्र आलें म्हणून कोर्टाचा नक्कलखाना ओस पडला नाहीं. सिरिल अमरचंद मंगलदास ही मुंबईची पेढी २०१७ सालींच करारनामे चाळण्यासाठीं 'किरा' नांवाचें यंत्र वापरूं लागली. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या नोव्हेंबरांत निवाड्यांच्या भाषांतरासाठीं 'सुवास' ही यंत्रणा सुरू केली, आणि २०२१ च्या एप्रिलांत न्यायाधीशांस कागदपत्रांतील मजकूर शोधून देणारें 'सुपेस' हें साधन पुढें आणिलें. ई-न्यायालय योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ सालीं ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्यांपैकीं ५३ कोटी ५७ लाख रुपये अशाच नव्या तंत्रांसाठीं राखून ठेविलेले आहेत. न्यायासनच जें साधन हातीं घेत आहे त्यास वकिलानें शिवूं नये, असा सोंवळेपणा कोणासच शोभणार नाहीं. तारखांचा तक्ता करणें, पांचशें पानांच्या दप्तराची सूची लावणें, इंग्रजी निवाड्याचा मराठींत कच्चा तर्जुमा करणें, हीं कामें यंत्रानें खुशाल करावींत.

मात्र साधन वापरावयाचें तर तें काय करतें हें वापरणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे. आणि येथेंच वकीलवर्गांतील पुष्कळांची गफलत होत आहे. चॅटजीपीटीसारख्या भाषायंत्रास प्रश्न विचारला म्हणजे तें कपाटांतील ग्रंथ काढून उत्तर शोधतें, अशी त्यांची समजूत दिसते. अपार मजकुरावर त्या यंत्राची घडण झालेली असते, आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्या हिशेबानें तें वाक्य जुळवीत जातें. कांहीं नवीं साधनें अगोदर खऱ्या संग्रहांत शोध घेऊन मग उत्तर रचतात, व त्यांत चुका कमी होतात. परंतु रचणारा कारागीर तोच असल्यामुळें खऱ्या निवाड्याच्या तोंडीं खोटें तत्त्व घातलें जाण्याचा धोका तेथेंही उरतोच. पक्षकारांचीं नांवें, वर्ष, खंड आणि पृष्ठांक हा दाखल्याचा ठराविक सांचा आहे. आणि सांचा भरणें हें तर ह्या यंत्राचें मुख्य कसब! म्हणून तें असा दाखला देतें कीं ज्याचें रूप निर्दोष, भाषा न्यायमूर्तींस शोभेल अशी, आणि उणें एवढेंच कीं तसा खटला पृथ्वीवर कधीं झालेला नसतो. लातुरास 'पॅटर्न' हा शब्द नवा नाहीं. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून परीक्षा जिंकण्यासाठीं तें शहर साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पण परीक्षेंतील प्रश्नाचें उत्तर अगोदर कोठें तरी ठरलेलें असतें. शेताच्या बांधाचें तसें नसतें.

वकिलाच्या कपाटांत नागपुरास निघणाऱ्या 'ए. आय. आर.'चे जाडजूड खंड पिढ्यान्पिढ्या दिसत आले आहेत. आतां तें कपाट बंद होऊन खिशांतील दूरध्वनींत 'ए. आय.' येऊन बसला. दोहोंत एका अक्षराचाच काय तो फरक. पण गळालेलें अक्षर 'रिपोर्टर'चें आहे, म्हणजे घडलेलें जसेंच्या तसें टिपून छापणाऱ्या मनुष्याचें. तो मनुष्य वगळल्यावर जें हातीं उरतें त्यास वृत्तान्त म्हणत नाहींत, कादंबरी म्हणतात.

ही भीति काल्पनिक नाहीं. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानें २०२३ च्या जूनमध्यें दोन वकिलांस व त्यांच्या पेढीस मिळून पांच हजार डॉलरांचा दंड केला. एका प्रवाशानें विमान कंपनीवर लावलेल्या दाव्यांत त्यांनीं जे निवाडे पुढें केले होते, त्यांतील सहा यंत्रानें रचलेले निघाले. विशेष हें कीं, शंका आल्यावर त्यांपैकीं एकानें यंत्रासच 'हा खटला खरा काय?' असें विचारलें, आणि यंत्रानें होकार दिला! चोरास साक्षीला बोलावून त्याच्याच जबानीवर चोरी नाशाबीत ठरविण्याचा हा प्रकार झाला. न्यायाधीशांनीं साधन वापरल्याबद्दल त्यांना दोष दिला नाहीं. न पडताळतां दाखल केलें, आणि शंका उघड झाल्यावरही त्यास चिकटून राहिले, ह्याबद्दल दिला.

हें लोण समुद्रापलीकडेंच राहिलें आहे असें कोणी समजूं नये. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठानें २०२४ च्या डिसेंबरांत दिलेल्या एका निर्णयांत अस्तित्वांतच नसलेले निवाडे आधारास घेतल्याचें आढळलें, आणि तो निर्णय मागें घ्यावा लागला. २०२५ च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें एक आयकर आकारणी रद्द केली. कारण ज्या तीन निवाड्यांवर ती उभारली होती ते कोठेंच सांपडेनात. यंत्रानें पुढें टाकलेलें आंधळेपणानें घेऊं नये, वापरण्यापूर्वीं पडताळून घ्यावें, असें न्यायालयानें त्या वेळीं बजाविलें. म्हणजे बाजू मांडणारा वकील, निर्णय देणारें पीठ आणि कर आकारणारा अधिकारी, तिघेही एकाच खड्ड्यांत पडून चुकले आहेत.

'हें न्यूयॉर्क-मुंबईचें झालें; नांदेड-लातुरास त्याचें काय?' असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हा धोका येथें अधिक आहे. ज्या प्रदेशाविषयीं भरपूर मजकूर मिळाला त्याचें यंत्र बरें बोलतें. आणि ज्याचे कागद अजून दप्तराच्या फडक्यांत बांधलेले आहेत, त्याच्याविषयीं शेजाऱ्यापाजाऱ्यांचें ऐकून ठोकून देतें. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि १९५६ च्या नोव्हेंबरांत तो मुंबई राज्यास जोडला गेला. त्यामुळें एकाच महाराष्ट्रांत कुळकायदे तीन झाले: पश्चिम महाराष्ट्रास १९४८ चा मुंबईचा, मराठवाड्यास १९५० चा हैदराबादचा, आणि विदर्भास १९५८ चा तिसराच. चांगल्या शिकलेल्या मनुष्यासही हा भेद पुष्कळदां ठाऊक नसतो. मग 'महाराष्ट्रांतील कुळाचे हक्क सांग' असें म्हणतांच यंत्रानें मुंबईच्या कायद्यांतील १९५७ च्या एक एप्रिलचा कृषकदिन कंधारच्या कुळाच्या गळ्यांत बांधला, तर त्यांत नवल कसलें? भाषा अस्खलित, कायदा खरा. फक्त गांव चुकलें!

इनामी जमिनींचें प्रकरण ह्याहून नाजूक आहे. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या चरितार्थासाठीं दिलेलें इनाम. खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा अथवा देवळाच्या सेवेसाठीं दिलेलें. दोन्ही शब्दांची शेपटी एकच. पण डोकें वाचण्यांत चूक झाली, तर जमीन एका घराण्याची कीं संस्थेची, हा निकालच फिरतो. अशा दाव्यांत निजामी अमलांतील मुंतखब पाहावा लागतो, १९५२ चा अतियात चौकशीचा कायदा व १९५४ चा इनामें रद्द करणारा कायदा पाहावा लागतो, १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक पाहावें लागतें, आणि त्यापुढील एकेका फेरफाराची सांखळी जुळवावी लागते. ह्यांतील जुना कागद उर्दूंत, तोही घाईच्या लपेटीदार हातानें लिहिलेला. २०२३ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांतील कुणबी नोंदींसाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणाऱ्या माणसांची किती निकड आहे हें साऱ्या राज्यास कळून आलें. एका ओळींतील एका शब्दाच्या वाचनावर तेथें सबंध घराण्याचें प्रमाणपत्र अवलंबून असतें. यंत्रानें लावलेला अशा कागदाचा अर्थ पहिला अंदाज म्हणून घ्यावयास हरकत नाहीं. परंतु पुरावा म्हणून तो कोर्टापुढें ठेवण्यापूर्वीं जाणकारानें मूळ कागदाशीं ताडून पाहिलाच पाहिजे.

ह्या भागांतील शेतकऱ्यानें कागदांची भाषा वारंवार पालटलेली पाहिली आहे. कोठें मोडी, कोठें उर्दू, वरच्या कोर्टांत इंग्रजी, आणि आतां सातबाऱ्यावर देवनागरी. प्रत्येक पालटांत तो कोणा तरी वाचणाऱ्याच्या दारीं जाऊन उभा राहिला. हैदराबादेस १९१७ सालीं भाषांतरासाठीं स्वतंत्र खातें निघालें, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षण उर्दूंतून देण्यांत येऊं लागलें. मराठी बोलणाऱ्या प्रजेवर त्या भाषानीतीनें अन्यायच केला. तथापि एवढें कबूल केलें पाहिजे कीं, तेथें पारिभाषिक शब्द ठरवावयास पंडित बसत, आणि ठरलेल्या शब्दाचें उत्तर देणारा कोणी तरी मनुष्य असे. आज शेतकऱ्याच्या पुढें जो नवा लेखक उभा राहिला आहे, त्याची भाषा गोड आहे, तो रात्रंदिवस हजर आहे, आणि उत्तर देण्यास मात्र त्याच्या नांवाचा कोणी इसम सांपडत नाहीं.

ह्यावर एक ठरीव आक्षेप येतो. 'मुन्शी चुकत नाहीं काय? हाताखालचा नवशिका वकील चुकत नाहीं काय?' चुकतो, पण त्यास समोर उभें करून 'हें कोठून आणिलेंस?' म्हणून विचारतां येतें, आणि खोटें आणिलें असेल तर त्याचा चेहराच सांगतो. यंत्रास चेहरा नाहीं व लाजही नाहीं. दुसरा भेद ह्याहून मोठा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाप्रमाणें अशिलानें वकिलास विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवांचून उघड करतां येत नाहीं. गुन्ह्याच्या हेतूनें सांगितलेली गोष्ट तेवढी अपवाद. वकीलपत्र संपलें तरी हें बंधन सुटत नाहीं. हेंच बंधन दुभाष्यास आहे, आणि वकिलाच्या कारकुनास व नोकरासही आहे. म्हणजे दहावी नापास मुन्शीही कायद्यानें ओंठ शिवलेला असतो. परदेशांतील कंपनीचें यंत्र ह्या यादींत कोठें बसतें? फुकट मिळणाऱ्या पुष्कळ साधनांत, वापरणाऱ्यानें मुद्दाम मनाई केल्यावांचून, त्याचा मजकूर यंत्राच्या पुढील घडणीस घेण्याची मुभा कंपनीनें राखून ठेविलेली असते. नवऱ्याच्या मारहाणीची जी हकीगत एखादी बाई आपल्या आईलाही सांगत नाहीं, ती ती वकिलास सांगते. ती नांवागांवासकट अशा यंत्राच्या पोटांत टाकून 'ह्याचा नीट अर्ज करून दे' म्हणणाऱ्या वकिलानें कुंपण होऊन शेत खाल्लें, ह्याहून दुसरें काय म्हणावें?

दुसरा आक्षेप दयेच्या वेषांत येतो, म्हणून तो अधिक सांभाळून तपासला पाहिजे. 'गरीब पक्षकाराचें काम ह्यामुळें स्वस्तांत व लवकर होतें; त्याच्या तोंडचा घास कां काढतां?' काम लवकर होतें हें खरें. स्वस्तांत होतें काय? यंत्रामुळें चार तासांचा मसुदा चार मिनिटांत झाला असेल, तर फी किती उतरली, हा प्रश्न ह्या दयाळू मंडळींस एकवार विचारून पाहावा. आणि दाव्याच्या अखेरीस काय असतें तेंही पाहावें. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशांतील पंधराव्या नियमाप्रमाणें तेथें पक्षकाराचें सत्यापन असतें: वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणें खरा आहे, असें. त्याखालीं मुखेडचा किंवा अहमदपूरचा म्हातारा शेतकरी आंगठा उठवितो. म्हणजे एकानें वाचलें नाहीं, कारण त्यास येत नव्हतें. दुसऱ्यानें वाचलें नाहीं, कारण त्यास सवड नव्हती. आणि ज्यानें लिहिलें त्यास वाचणें म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं. असा कागद न्यायदेवतेपुढें जातो, आणि पुढें तो खोटा ठरला म्हणजे पहिला जाब त्या आंगठ्यास विचारला जातो! न्यूयॉर्कास दंड वकिलांनीं भरला. येथें मुद्दत जाते ती पक्षकाराची, हुकूम विरुद्ध होतो तो पक्षकारावर, आणि औरंगाबाद खंडपीठाकडे अपिलाचे खेटे घालतो तोही पक्षकारच. १९८१ सालीं तें खंडपीठ मराठवाड्यास मिळालें तें न्याय दाराशीं यावा म्हणून. वकिलाच्या आळसाची दुरुस्ती तेथें करून घ्यावी म्हणून नव्हे.

तिसरा पक्ष थांबा म्हणणाऱ्यांचा. 'वरून नियम येऊं द्या, मग पाहूं.' केरळच्या उच्च न्यायालयानें २०२५ च्या जुलैंत आपल्या जिल्हा न्यायालयांसाठीं धोरण आंखून दिलें, व निष्कर्ष, आदेश किंवा निवाडा ठरविण्याच्या कामीं हीं साधनें वापरण्यास मनाई केली. त्याचें आम्ही स्वागतच करतों. परंतु वाचल्यावांचून सही करूं नये, हें सांगावयास नव्या नियमाची वाट पाहणारा मनुष्य खरोखर नियमाची वाट पाहत नसतो. तो सवलतीची मुद्दत वाढवून घेत असतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या ३५ व्या कलमांत व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल शासनाची तरतूद आजही आहे, आणि बनावट निवाडा कोर्टापुढें ठेवणें हें गैरवर्तन नसेल तर गैरवर्तन कशास म्हणावें?

म्हणून नांदेड व लातूर येथील वकील संघांनीं दिल्लीकडे डोळे न लावतां आपल्याच सभेंत ठराव करावा. अशिलाचें नांव, गट क्रमांक, आधार क्रमांक वा गुप्त हकीगत खुल्या यंत्रांत घालूं नये. घालणें अपरिहार्यच असेल तर साधन गुप्ततेच्या कराराचें असावें, आणि अशिलास त्याच्या भाषेंत समजावून त्याची लेखी संमति घ्यावी. यंत्रानें दिलेला प्रत्येक दाखला मूळ ग्रंथांत किंवा न्यायालयाच्या अधिकृत संग्रहांत स्वतः उघडून वाचल्यावांचून दाखल करूं नये. कोणतें काम यंत्रानें केलें हें अशिलापासून लपवूं नये, आणि यंत्राच्या मिनिटांचे माणसाचे तास करून फी घेऊं नये. पक्षकाराचा आंगठा घेण्यापूर्वीं सबंध मजकूर त्यास मराठींत वाचून दाखवावा. हा नियम नवा नाहीं, विसरलेला आहे. लातूरच्या दयानंद आणि नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधि महाविद्यालयांसारख्या संस्थांनीं विद्यार्थ्यांस यंत्र चालविण्याचें शिक्षण द्यावेंच. पण त्याआधीं त्यांच्या हातीं एक जुना मुंतखब, एक खासरा पाहणी पत्रक आणि एक बनावट दाखला देऊन ह्यांतील खोटें कोणतें तें शोधावयास सांगावें. ज्यास तें शोधतां येईल त्याच्या हातीं यंत्र हें दिवा होईल. ज्यास येणार नाहीं त्याच्या हातीं तें कोलीत होईल.

एवढें करणें ज्यांना जड वाटत असेल, त्यांच्यासाठीं एक सोपा मार्ग आहे. त्यांनीं लेखणी खालीं ठेवावी, शाईची डबी पुढें ओढावी, आणि वकीलपत्रावर पक्षकाराच्या शेजारीं आपलाही आंगठा उठवावा. आपण व आपला वकील एकाच इयत्तेंत आहों, एवढें तरी त्या बिचाऱ्यास कळेल. आणि मग आपला कागद वाचणारा मनुष्य शोधण्यासाठीं तो दुसऱ्या दारीं जाईल.